हरकत नोंदवून घ्या

मी माझ्या आईवर भर सभेत भित्रेपणाचा आरोप केला, तेव्हा तिला पार्किन्सन्स होऊन किमान तीन वर्षं झाली असावीत. तिला ते माहीत नव्हतं, मला नव्हतं, समोर बसलेल्या साठ बायकांपैकी एकीला सोडून कुणालाच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी डॉक्टरांबद्दल आणि सोसायटीच्या कमिटीबद्दल कडक बोलणार आहे, तेव्हा पहिली तक्रार माझ्याच नावावर असू दे.

आई घरकामगार बायकांची संघटना चालवते. त्याआधी तिने स्वतः अठरा वर्षं लोकांकडे धुणीभांडी केली, आणि त्याच्याही आधी ती अकोल्याकडून लग्न होऊन खडकीत आली. वडील मी दुसरीत असताना गेले. त्यानंतर घरात आम्ही दोघी आणि पत्रकांचे गठ्ठे उरलो. मला वाचायला पत्रकांनीच शिकवलं. शाळेत कमळातला क होता, आमच्याकडे कामगारातला. आठवड्याची सुटी, बाळंतपणाची रजा, चोरीचा खोटा आळ, हे शब्द मला ससा आणि कासवाच्या आधी वाचता यायला लागले. चुकून ‘मोलकरीण’ म्हटलं तर आई ओरडायची नाही, फक्त शब्द सुधारून परत म्हणायला लावायची. घास तोंडाशी धरून मी म्हणायची, घरकामगार. मग जेवण पुढे चालू.

आमची पत्रकं ती हाताने लिहायची आणि त्याच्या झेरॉक्स निघायच्या. कॉम्प्युटर होता, पण त्यातलं अक्षर बायकांना वाचता येत नसे. संघटनेची कचेरी म्हणजे नारायण पेठेत एका बाइंडिंगवाल्याच्या दुकानावरची खोली. तिथे रविवारी आई अक्षरवर्ग घ्यायची आणि कित्येक जणी तिचं हस्ताक्षर बघूनच वाचायला शिकल्या होत्या. गोल, मोठं, प्रत्येक अक्षर हात पसरून बसल्यासारखं. ‘ताईंचं अक्षर लाडवासारखं, उचलून खावं,’ असं एक जण म्हणायची. बसमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्यात बसून बायका ते पत्रक बोट फिरवत वाचायच्या.

मग त्या वाचेनाशा झाल्या. पत्रक हातात घेऊन कचेरीत यायच्या आणि विचारायच्या, “ताई, काय लिहिलंय यात?” आम्हाला वाटलं, आळस. वर्गाला दांड्या मारतात, दुसरं काय! आईने एका रविवारी त्यांना चांगलं झापलंसुद्धा.

त्या काळातल्या बाकीच्या गोष्टी मी आता ओळीने सांगू शकते. तेव्हा त्या ओळीने आल्या नव्हत्या. दूध करपून पातेलं काळं पडलं तरी शेजारी उभ्या असलेल्या आईला वास आला नाही. मी म्हटलं, “लक्ष कुठे असतं तुझं?” तिचा उजवा खांदा आखडला. गल्लीतल्या डॉक्टरांनी “वय झालं, खांदा धरतोच” असं सांगून तेल चोळायला लावलं. वय होतं एक्कावन्न. मोर्चात चालताना तिचा डावा हात हलायचा आणि उजवा अंगाला चिकटून राहायचा. त्या हातात पिशवी आहे असं मला दुरून वाटायचं आणि पिशवी कधीच नसायची. झोपेत ती लाथा झाडायची, कुणाला तरी दमात घ्यायची. मला त्याचा अभिमान होता. आमची आई झोपेतसुद्धा लढते, असं मी मैत्रिणींना सांगायची. ब्लाउजची हुकं लावायला तिला इतका वेळ लागायचा की मी दाराबाहेरून ओरडायची, “मोर्चा संपला की निघू या का?”

हात मात्र कधी थरथरला नाही. आमच्या भाषेत या आजाराला कंपवात म्हणतात, आणि कंप नव्हता. नावानेच आम्हाला फसवलं. अंगात शिरलेला चोर ‘मी चोर’ अशी पाटी लावून येईल, या भरवशावर आम्ही बसलो होतो.

सगळ्यात आधी लोकांच्या डोळ्यांवर आला तो तिचा आवाज. खडकीच्या स्टेशनावर या फलाटावरून त्या फलाटावर ऐकू जाईल असा तो आवाज होता. तो खाली आला. घोषणा दुसऱ्या देऊ लागल्या. चेहऱ्यावरची रेषा हलेना. कुणी रडत आपली गोष्ट सांगितली तरी आई भिंतीसारखी बघत राहायची. आणि मग संघटनेत एक शब्द फिरायला लागला: ताई मवाळ झाल्या.

बाहेरगावी मवाळ म्हणजे शांत स्वभावाचा माणूस. पुण्यात ती जुनी शिवी आहे. इथे इतिहासाच्या पुस्तकातून जहाल आणि मवाळ अशा दोन रांगा शाळेतच डोक्यात बसतात, आणि पुढे जन्मभर माणूस दिसला की आम्ही त्याला यातल्या एका रांगेत उभा करतो. माणूस हळू बोलला, तर त्याच्या घशाला काही झालंय का हे बघायचं सोडून आम्ही त्याची भूमिका तपासतो. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली असती असं मला वाटत नाही.

नदीपलीकडच्या एका मोठ्या सोसायटीने तेव्हा फलक लावला होता: घरकामाला येणाऱ्यांनी फक्त सामानाची लिफ्ट वापरावी. सामानाची लिफ्ट अर्धा महिना बंद असायची. म्हणजे अकराव्या मजल्यावर पायी. एक गरोदर बाई सहाव्या मजल्यावर चक्कर येऊन बसली, तेव्हा आईने कमिटीला पत्र लिहिलं आणि कमिटीने तिला चर्चेला बोलावलं. एकटीला. मी आणि बारा जणी खाली गेटवर उभ्या होतो. पाऊण तासाने ती आली. काय झालं विचारल्यावर म्हणाली, “मी नाही म्हटलं.” एवढंच, आणि तेही इतकं हळू की मागच्या दोघींना ते ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी त्या बैठकीचं इतिवृत्त सोसायटीच्या फलकावर लागलं. बायकांनी त्याचा फोटो काढून पाठवला. त्यात होतं: ‘संघटनेच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली नाही.’

मी त्या रात्री काही विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतंच, मला लिहायचं होतं. चोवीस वर्षांची होते, आणि घरात शिकलेली एकच विद्या मी घरातल्या माणसावर चालवली. दोन पानी निवेदन तयार केलं. त्यासाठी आईचीच जुनी पत्रकं काढली, तिचीच वाक्यं तिच्याविरुद्ध वापरायला. वर्षांप्रमाणे लावताना दिसलं की अक्षर दर वर्षी लहान होत गेलंय. पहिल्या पत्रकात एका ओळीत पाच शब्द, शेवटच्यात चौदा, आणि ओळ शेवटाकडे जाताना मुंग्यांची रांग. मी ते बघितलं. नीट बघितलं. आणि त्याचा मुद्दा केला.

रविवारी कचेरीत सभा झाली. मी उभी राहिले. सभेत मी तिला आई म्हणत नसे.

“अध्यक्षांनी खुलासा करावा,” मी म्हटलं. “बंद दाराआड काय ठरलं? तुम्ही हरकत का घेतली नाही?”

“घेतली,” आई म्हणाली.

“मोठ्याने बोला, मागे ऐकू येत नाही!” मागून कुणीतरी.

“घेतली होती.”

“मग कागदावर का नाही?” मी दोन्ही पत्रकं वर धरली, जुनं आणि नवं. “हे बघा. आवाज मवाळ, चेहरा मवाळ, आणि आता तर तुमचं अक्षरसुद्धा भ्यालंय!”

टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या. आईचा चेहरा तसाच होता, सपाट, कोरडा. मला वाटलं, हिला काहीच वाटत नाही. मी आयुष्यात वाचलेल्या हजारो पानांपैकी सगळ्यात चुकीचं वाचलेलं पान ते.

सभा संपल्यावर बायका चपला शोधत असताना एका मावशींनी माझा दंड धरला. त्या लोणी काळभोरहून दोन बस बदलून शहरात यायच्या आणि एका निवृत्त प्राध्यापकांची दिवसभर देखभाल करायच्या. त्यांना त्या आजोबा म्हणत. संघटनेत त्या फारशा बोलत नसत. त्यांनी माझ्या हातातलं नवं पत्रक घेतलं आणि खिडकीशी नेऊन धरलं.

“पोरी, ह्ये अक्षर म्या वळखते.”

“आईचंच आहे, मावशी.”

“तसं न्हाई. आमच्या आजोबांचं असंच हाय. पेपरातलं कोडं भरत्यात ना, पयलं अक्षर चौकटीत, धावं मुंगीएवढं. त्यास्नी पार्किन्सन हाय.” मग त्यांनी चपला घालत असलेल्या आईकडे बोट केलं. “बघ, बसून घालती हाय. उजवा पाय बघ. आजोबांच्या घरचे पण म्हनायचे, बाबा खडूस झाले, हसत न्हाईत. हसत हुते ते. आतल्या आत. तोंडापत्तूर येत नव्हतं.”

“पण आईचा हात कुठे थरथरतो?”

“सगळ्यांचा थरथरत न्हाई. आजोबांचा लई उशिरा थरथरला. वास येतो का तुझ्या आईला?”

मला करपलेलं पातेलं आठवलं.

“पोट साफ हुतं का? झोपंत वरडती का?” मावशी एकामागून एक विचारत होत्या आणि मी प्रत्येकाला मान हलवत होते. तीन वर्षांत दोन डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. खांद्याचं औषध वेगळं, पोटाचं वेगळं, “टेन्शन घेऊ नका” हे फुकट. हे सगळं एका माणसाच्या अंगात एकत्र घडतंय, हे एका घरकामगार बाईला कळलं. कारण आठ तास माणसाकडे बघत राहणं हेच तिचं काम होतं. तिला कुणी त्याचं प्रमाणपत्र दिलेलं नाही. मी इथे देते.

न्यूरॉलॉजिस्टनी आईला कॉरिडॉरमधून चालायला लावलं, अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, मनगट धरून हात फिरवून बघितला. मग कागद पुढे करून म्हणाले, “कुठलंही वाक्य लिहा.” आईने लिहिलं, ‘आम्हाला माणसांची लिफ्ट हवी.’ डॉक्टरांनी ते वाचायला चष्मा कपाळावरून खाली घेतला. ते म्हणाले की रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही, तो बघूनच ओळखावा लागतो. मेंदूतलं डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. बरा होत नाही, पण गोळ्यांनी बराच काळ चांगलं जगता येतं. पुढे कसं होईल, विचारल्यावर म्हणाले, “प्रत्येकाचा वेग वेगळा.”

“मागे किती?” आईने विचारलं.

“म्हणजे?”

“पुढचं नाही विचारत. कधीपासून असेल?”

“तुम्ही सांगताय त्यावरून, तीन वर्षं तरी. वासाचं धरलं तर जास्तच.”

आई माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण तो चेहरा कसा वाचायचा ते मला आता कळायला लागलं होतं. “लिहून घे,” ती म्हणाली.

रिक्षात मी रडले. माफी मागितली. ती बाहेर बघत म्हणाली, “इथे काय मागतेस? आरोप सभेत केलास, मागे सभेत घे.” पुढच्या रविवारी मी त्याच जागी उभं राहून माझं निवेदन मागे घेतलं. टाळ्या पडल्या नाहीत. एका बाईने विचारलं, “मग आता अध्यक्ष कोण?” आई म्हणाली, “मी. मेले नाहीये.”

आजार सांगितला की लोक काय करतात, हे मी त्या महिन्यात शिकले. कालपर्यंत तिला मवाळ म्हणणारे आज तिच्याशी लहान मुलासारखं बोलायला लागले. “बसा हं ताई, दमू नका हं.” एका जुन्या कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता ताईंना सन्मानाने निवृत्त करू, शाल-श्रीफळ देऊ. मी म्हटलं, “नारळ द्यायचा असेल तर सरळ द्या, शाल कशाला गुंडाळता?”

पण खरी चूक पुन्हा मीच करणार होते. मला वाटलं, आता इतिवृत्ताचं काम सोपं झालं. डॉक्टरांचा कागद घेऊन कमिटीकडे जायचं आणि सांगायचं, अध्यक्षांना तेव्हा आजार होता, तेव्हा ती बैठक ग्राह्य धरू नका. खर्डा तयार करून मी आईपुढे ठेवला. तिने तो वाचला, आणि कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा आवाज तिच्यातून निघाला.

“म्हणजे मी आजारी होते म्हणून माझं बोलणं धरायचं नाही?”

“तसं नाही आई, त्यांना ऐकू आलं नाही कारण…”

“ऐकू आलं नाही तर विचारायचं. सात जण बसले होते, सातांनी चहा विचारला, एकानेही विचारलं नाही, बाई काय म्हणालात. मी नाही म्हटलं होतं. ते नाही खरं होतं. त्याला औषधाचा कागद लावून तू ते आजारी करू नकोस.” मग दम लागल्यामुळे थांबून, “मी परत जाणार. परत नाही म्हणणार. आणि त्यांच्याकडून लिहून घेणार. मुलीकडून नाही, डॉक्टरकडून नाही. माझ्या तोंडचं.”

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला. आईचं नाही कागदावर चढेपर्यंत तिच्यात ते म्हणण्याइतका आवाज राहील का?

सोसायटीने भेटीची तारीख दिली आणि पुढे ढकलली. पाणीटंचाई, दिवाळी, कमिटीची निवडणूक, नवीन कमिटी, मग नव्या कमिटीला विषय समजून घ्यायचा होता. दीड वर्ष गेलं. ते तारीख पुढे ढकलत होते, आजार काही ढकलत नव्हता.

सुरुवातीला गोळीने जादू केल्यासारखं झालं. आई एका दमात भाकरी थापायला लागली, हात हलायला लागला, एकदा तर एका विनोदावर खरंच हसली आणि आम्ही दोघी दचकलो. मग गोळी लवकर उतरायला लागली. तिनाच्या चार झाल्या, वेळा घड्याळाला बांधल्या गेल्या. जेवणाआधी किती, जेवणानंतर किती; डाळ आणि दूध गोळीच्या जवळपास नको, नाहीतर ती नीट लागत नाही. गोळीचा जोर चढला की कधी मान आपोआप डोलायची. उतरला की बोटंसुद्धा उचलेनात. बाथरूमच्या दारात पाय जमिनीला खिळ्याने ठोकल्यासारखे थांबायचे. पहिल्यांदा मी तिला हाताला धरून ओढलं आणि ती पडली. भुवई फुटली, चार टाके.

मावशींनी येऊन मला बोलणी घातली. “वढायचं नसतंय! त्यो पाय रुसला हाय. त्याला वाट दाखवायची.” त्यांनी उंबऱ्यापाशी रंगीत चिकटपट्टीचे पट्टे मारले, एकेका पावलाच्या अंतराने. पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाय उचलायचा. आणि ठेका द्यायचा. आजोबांना त्या भजनाचा ठेका देत. आईला भजन येत नव्हतं, घोषणा येत होत्या. “कोण म्हणतं” म्हटलं की उजवा, “देणार नाही” म्हटलं की डावा. आमची आई घोषणेवर बाथरूममध्ये जाते, यात मला हसू यायचं आणि तिलाही. कधीकधी घोषणेनेही पाय हलत नसे. तेव्हा फक्त थांबायचं.

आवाजाचे व्यायाम दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी शिकवले. पोटातून, मोठ्याने, एकच शब्द, रोज सकाळी वीस वेळा. शब्द कुठला ते आईने ठरवलं. सात वाजले की “नाही! नाही! नाही!” आठवड्याभरात शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

“अहो, विचारू नये, पण सकाळी सकाळी काय चाललंय? मुलगी लग्नाला नाही म्हणतेय का?”

“मुलगी नाही, मी म्हणतेय,” आई म्हणाली.

काकू दोन पावलं मागे सरल्या. “तुम्ही? या वयात?”

अखेर एका रविवारी संध्याकाळी सहाची वेळ मिळाली. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कमिटीची बैठक, आमचा विषय पहिला. आम्ही हिशोब करून पाचला गोळी घेतली, म्हणजे सहाला आवाज लागेल. मी, आई आणि मावशी. मावशींनी आजोबांकडून सुटी घेतली होती. तिथे गेल्यावर कळलं की आमचा विषय शेवटी ठेवलाय. पार्किंग झालं, कुत्री झाली, गच्चीवरची गळती झाली. बाहेरच्या बाकावर बसून मी आईला हळूहळू विझताना बघत होते. आधी उजवा हात मांडीवर जड झाला. मग मान पुढे आली. आठला बोलावलं तेव्हा तिला माझं नावही धड उच्चारता येत नव्हतं.

सोसायटीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. असल्या ठिकाणी सभ्यच असतात. “या, बसा. ताईंना त्रास देऊ नका, मुलगी बोलेल ना? आमची काही हरकत नाही.”

सोपं होतं. मी बोलले असते आणि चांगलं बोलले असते. मुद्दे पाठ होते. मी आईकडे बघितलं. तिने पर्स उघडायला दोन मिनिटं घेतली, पुढची गोळी काढली, पाण्याने गिळली आणि काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणाल्या?” अध्यक्षांनी मला विचारलं.

“थांबा म्हणाली.”

“किती?”

“गोळी लागेपर्यंत. अर्धा-पाऊण तास.”

“अहो, असं कसं? आठ वाजलेत, सगळ्यांना घरी जायचंय.”

“आमी दीड वरीस थांबलोय, सायेब,” मावशी म्हणाल्या. “तुमी गोळीपुरतं थांबा.”

कुणी उठलं नाही. उठून जाणं बरं दिसलं नसतं, आणि पुण्यात बरं दिसण्यासाठी माणूस पाऊण तास बसू शकतो. फॅन फिरत होता. एकाने मोबाईल काढला, दुसऱ्याने घसा साफ केला. चहा आला: त्यांना कपबशीत, आम्हाला कागदी पेल्यात. मावशींनी पेल्याकडे बघितलं, कपबशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ताईला नगं. गोळीवर दूध चालत न्हाई. आमालाबी नगं.” सेक्रेटरीने लॅपटॉप उघडला, बंद केला, उघडला. मी आयुष्यात खूप घोषणा ऐकल्या आहेत. त्या खोलीतल्या शांततेइतकी जोरदार एकही नव्हती.

साडेआठच्या पुढे आईचा अंगठा हलला. मग बोटं. तिने मान वर केली, टेबलाला धरून उभी राहिली आणि पोटातून श्वास घेतला.

“मागच्या बैठकीत मी नाही म्हटलं होतं,” ती म्हणाली. आवाज जुना नव्हता, चिरका होता, पण भिंतीपर्यंत गेला. “आजही नाही म्हणते. बायका माणसांच्या लिफ्टने जातील. लिहा.”

सेक्रेटरीने टाइप केलं.

“वाचा.”

“संघटनेने या नियमाबाबत नापसंती व्यक्त केली…”

“नापसंती भाजीत मीठ कमी पडलं की असते. हरकत लिहा. हरकत घेतली, मागच्या वेळीही घेतली होती.”

“मागचं इतिवृत्त मंजूर झालंय ताई, ते बदलता…”

“बदलू नका. चूक होती, एवढं याच्यात लिहा.”

अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे बघून मान हलवली. ते काही विरघळले होते असं नाही. नऊ वाजले होते. प्रिंट निघाली. आई सही करायला बसली आणि तिला तिचा वेळ लागला. सही तांदळाच्या दाण्याएवढी आली. अध्यक्षांनी कागद जवळ घेतला. “जरा मोठी करता आली असती तर…”

“एवढीच येते,” आई म्हणाली. “दिसत नसेल तर चष्मा लावा.”

नियम त्या दिवशी रद्द झाला नाही. ‘विषय पुढील बैठकीत’ एवढंच झालं, आणि भांडण अजून चालू आहे. पण कागदावर आईचं नाही होतं आणि त्याची प्रत माझ्या पर्समध्ये होती. मी रिक्षा बोलवायला फोन काढला. आई म्हणाली, “थांब. नियमाला माझी हरकत आहे ना? मग मला वर जायचंय.”

“वर कुठे? कुणाकडे?”

“कुणाकडे नाही. वर.”

बी इमारतीच्या तळाशी दोन लिफ्ट होत्या. सामानाची बंद होती. माणसांची आली, दार उघडलं, मावशी आत गेल्या, मी गेले, आणि आईचे पाय बरोबर दाराच्या पट्टीवर थांबले. दार मिटायला आलं, तिच्या खांद्याला लागून परत उघडलं. पुन्हा आलं, पुन्हा उघडलं. लिफ्ट टुंग टुंग करायला लागली. मागे दोन कुटुंबं येऊन उभी राहिली, पिझ्झाचा खोका, झोपलेलं मूल, चुळबुळ. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मावशींनी बटण दाबून धरलं.

“काकू, आत तरी जा नाहीतर बाहेर तरी व्हा,” मागून एक जण म्हणाला.

आईने मान वळवली नाही.

“आत,” ती म्हणाली. सगळ्यांना नीट ऐकू गेलं. “वेळ लागेल.”